गोळी गिळल्यानंतर : औषध शरीरात काय करतं, शरीर औषधाचं काय करतं

मेडिकलवाली_सांगली

सांगलीत आमचं मेडिकल आहे, काउंटरवर मी स्वतः असते. शिक्षण बी.फार्म. 'ही जेवणाआधी का नंतर?' हा प्रश्न दिवसभर येतो. 'का' हे मात्र फार थोडे विचारतात, आणि विचारलंच तर मागे रांग लागलेली असते. मिरजेच्या ओपीडीत तर पार कर्नाटकातून पेशंट आलेले असतात, तिथे डॉक्टरांना इतकं समजावून सांगायला सवड कुठून मिळणार? पण ज्याला कारण कळतं तो औषध नीट घेतो, हे मी रोज बघते. म्हणून हा धागा.

पहिली गोष्ट. गुडघेदुखीच्या गोळीला गुडघा कुठे आहे ते माहीत नसतं. ती पोटात विरघळते, लहान आतड्यातून रक्तात शिरते. आतड्यातलं हे रक्त आधी यकृतात जातं, मग हृदयाकडे, आणि तिथून अंगभर. जिथे जिथे तिला धरणारं एन्झाइम (शरीरातली रासायनिक कामं उरकणारं प्रथिन) किंवा रिसेप्टर (पेशीवरची निरोप घेणारी जागा) असेल तिथे तिथे ती काम करते. म्हणून तीच गोळी गुडघ्याची सूज उतरवते, जठराचं अस्तर कमकुवत करते आणि किडनीचा रक्तपुरवठाही कमी करते. साइड इफेक्ट म्हणजे बऱ्याचदा औषधाचं नेहमीचंच काम, फक्त नको त्या जागी झालेलं.

यकृताला औषध आणि विष यांतला फरक कळत नाही. परका पदार्थ आला की तो मोडायचा, पाण्यात विरघळेल असा करायचा आणि लघवीवाटे किंवा पित्तावाटे बाहेर घालवायचा, एवढंच त्याला ठाऊक. काही औषधं तर पहिल्याच फेरीत बरीचशी संपतात. छातीत दुखलं की जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट त्यातलीच. गिळली तर यकृतातून जाताना तिचा मोठा भाग निकामी होतो आणि उरलेला पोचायलाही उशीर लागतो. जिभेखालच्या शिरांमधलं रक्त यकृताला वळसा घालून हृदयाकडे जातं, त्यामुळे तिथे ठेवलेली गोळी काही मिनिटांत लागू पडते. म्हणून ती पाण्याबरोबर गिळायची नाही. आणि बसून घ्यायची, कारण रक्तवाहिन्या सैल पडून बीपी उतरतं आणि उभा माणूस कोसळू शकतो.

आता औषध टिकतं किती? रक्तातलं औषध निम्मं व्हायला लागणारा वेळ म्हणजे त्याचं अर्धायुष्य. पॅरासिटामॉलचं २ ते ३ तास. बीपीच्या अ‍ॅम्लोडिपिनचं ३० ते ५० तास, म्हणून ती दिवसातून एकदाच. थायरॉईडच्या थायरॉक्सिनचं तर सुमारे ७ दिवस. रोज गोळी घेत राहिल्यावर रक्तातली पातळी स्थिर व्हायला साधारण चार-पाच अर्धायुष्यं जावी लागतात. हिशोब करून बघा: अ‍ॅम्लोडिपिनला आठवडा लागतो, थायरॉक्सिनला महिनाभर किंवा जास्त. 'चार दिवस घेतली, बीपी काही हललं नाही' म्हणून पत्ता परत आणणाऱ्यांनी गोळीला तिचा वेळच दिलेला नसतो. थायरॉईडचा डोस बदलला की टीएसएच ही थायरॉईडची रक्ततपासणी ६ ते ८ आठवड्यांनी करायला सांगतात तेही यासाठीच.

पण नुसत्या अर्धायुष्यावरून सगळं कळत नाही. पित्ताच्या, म्हणजे अ‍ॅसिडिटीच्या गोळीबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण आमच्याकडे ती भरपूर खपते आणि बहुतेक जण ती चुकीच्या वेळी घेतात. पॅन्टोप्राझोल पोटातल्या आम्लानेच नासते. म्हणून तिच्यावर आम्लात न विरघळणारं आवरण असतं. ते आतड्यात सुटतं, औषध रक्तात जातं आणि रक्तावाटे फिरून पुन्हा जठराच्या भिंतीतल्या, आम्ल तयार करणाऱ्या पेशींपाशी येतं. तिथे त्याचं रूप बदलतं आणि मगच ते आम्लाचा पंप, म्हणजे पेशीतून आम्ल बाहेर सोडणारं प्रथिन, जायबंदी करतं. पंप चालू असेल तरच ते त्याला धरू शकतं, आणि पंप चालू होतात जेवणाने. म्हणून जेवणाआधी अर्धा ते एक तास. रक्तातून ती काही तासांतच निघून जाते, पण बंद पडलेले पंप बंदच राहतात, शरीराला नवे तयार करावे लागतात. त्यामुळे बहुतेकांना दिवसाला एक पुरते. जेवल्यावर जळजळ सुरू झाली की घेतली तर त्या वेळच्या जळजळीला तिचा फारसा उपयोग नाही. आणि आजीला गिळता येत नाही म्हणून कुटून दिली, तर आवरण फुटून औषध जठरातच वाया जातं.

रिसेप्टरचंही थोडक्यात. काही औषधं रिसेप्टरवर बसून पेशीला कामाला लावतात, जसं दम्याच्या पंपातलं साल्ब्युटामॉल. काही नुसती जागा अडवतात: एसटीच्या सीटवर टाकलेला रुमाल स्वतः कुठे जात नाही, पण दुसऱ्याला बसू देत नाही, तसं. धडधडीवरची प्रोप्रॅनोलॉल अशी अ‍ॅड्रेनॅलिनची जागा अडवते. जेम्स ब्लॅक यांनी ती १९६०च्या दशकात शोधली, १९८८ च्या नोबेलमध्ये त्या कामाचा वाटा होता. हीच गोळी दमेकऱ्याला धोक्याची, कारण श्वासनळ्या मोकळ्या ठेवणारे रिसेप्टरही ती अडवते. म्हणून चिठ्ठी कशाचीही असो, दमा असेल तर आधी सांगा.

प्रश्न विचारा, माहितीतलं सांगेन. डोस कमी-जास्त करायचा सल्ला मात्र इथे कोणी कोणाला देऊ नये, ही विनंती.

---

यार्डातला_हळदवाला

ताई, फार छान लिहिलंय. आमचं मार्केट यार्डात हळदीचं काम. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून औषधी गुणांबद्दल विचारणारे बरेच भेटतात. हल्ली हळदीच्या कॅप्सूल निघाल्यात, त्यांच्यावर 'मिरीच्या अर्कासह' असं छापलेलं असतं. मिरी कशाला घालतात? आणि मग आम्ही दुधातून घेतो ती हळद अंगाला लागतच नाही का?

---

मेडिकलवाली_सांगली

दादा, वर यकृताबद्दल लिहिलंय त्याचं तुमच्या प्रश्नाइतकं चांगलं उदाहरण मलाही सुचलं नसतं.

हळदीतला ज्याच्यावर सगळ्यात जास्त संशोधन झालंय तो घटक म्हणजे कुरकुमिन. हळदीत तो साधारण २ ते ५ टक्के. तो पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, आतड्यातून कमी शोषला जातो, आणि जो शोषला जातो त्याला आतड्याची भिंत आणि यकृत लगेच दुसरे रेणू चिकटवून बाहेर घालवतात. बंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजमध्ये झालेला एक अभ्यास १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात निरोगी माणसांना २ ग्रॅम कुरकुमिन दिलं, तरी रक्तात ते सापडलंच नाही किंवा अगदी नावापुरतं सापडलं. त्याबरोबर मिरीतलं पायपरीन २० मिलिग्रॅम दिल्यावर शोषण २००० टक्क्यांनी वाढलं. पायपरीन यकृताचं आणि आतड्याचं ते बाहेर घालवण्याचं काम मंदावतं.

आता यातली काळजीची बाजू. पायपरीन हे काम फक्त कुरकुमिनपुरतं थांबवत नाही. फिटच्या गोळ्यांपैकी फेनिटॉइनची रक्तातली पातळीही त्याने वाढते. शिवाय अशा जास्त शोषणाच्या हळदीच्या कॅप्सूल घेतल्यावर यकृताला इजा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आल्या आहेत. आमटीतली हळद आणि मिरी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलीय, तिच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. कॅप्सूल सुरू करणार असाल तर ती औषधच समजा आणि डॉक्टरांना सांगा, विशेषतः रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर.

---

तासगावकर_बागायतदार

आमच्या आबांना कोलेस्टेरॉलची गोळी चालू आहे, अ‍ॅटोरव्हास्टॅटिन. व्हॉट्सअ‍ॅपवर कुणीतरी टाकलं की या गोळीवर द्राक्षं खाल्ली तर गोळीचं विष होतं. तवापासनं आबांनी एक मणी तोंडात टाकलेला नाही. स्वतःची बाग, हंगाम ऐन भरात, आणि माणूस घड नुसता हातात धरून बघतोय. बेदाणाबी बंद केलाय. यात कितपत खरंय?

---

मेडिकलवाली_सांगली

आबांना आजच सांगा, द्राक्षं आणि बेदाणा दोन्हीला त्या गोळीची आडकाठी नाही. शुगर असेल तर किती खायची ते बघावं लागेल, पण तो विषय वेगळा.

तो इशारा ग्रेपफ्रूट या फळाचा आहे. ते लिंबूवर्गीय, आपल्या पपनसाचं भाऊबंद, तुमच्या वेलीवरच्या द्राक्षांशी त्याचं नातं नाही. १९८९ च्या सुमारास कॅनडात फेलोडिपिन या बीपीच्या औषधाचा दारूबरोबर काय परिणाम होतो ते तपासत होते. दारूची चव कळू नये म्हणून ती ग्रेपफ्रूटच्या रसातून दिली, आणि रक्तातलं औषध अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त निघालं. पुढे कळलं की करामत रसाची होती. आतड्याच्या भिंतीत औषधं मोडणारं एक एन्झाइम असतं, त्या फळातले काही घटक ते निकामी करतात. मग मोडायला हवी तेवढी गोळी मोडत नाही आणि जास्त रक्तात जाते. सिमव्हास्टॅटिनला हे फार लागू, अ‍ॅटोरव्हास्टॅटिनला त्यापेक्षा कमी, रोसुव्हास्टॅटिनला जवळपास नाहीच. पपनसातही तसेच घटक असतात, तेव्हा गणपतीत कोकणातून पपनस आलं तर आबांनी तेवढं टाळावं.

---

तासगावकर_बागायतदार

लई उपकार झाले ताई. आबांना वाचून दाखवलं.

अजून एक विचारतो. आमच्या शेजारच्या गड्याला गेल्या साली फवारताना चक्कर आली, तोंडातनं लाळ, घामानं चिंब, आणि डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी. मिरजेला नेला, वाचला. डॉक्टर त्याला सारखं कसलं तरी इंजेक्शन देत होते आणि छातीला नळी लावून ऐकत होते. ते काय होतं?

---

कॅज्युअल्टी_मिरज

याचं उत्तर मी देतो. कॅज्युअल्टीत काम करतो, असे पेशंट आम्ही बघतो.

तुम्ही सांगितलेली लक्षणं ऑर्गॅनोफॉस्फेट विषाची आहेत. आपल्या नसा स्नायूंना आणि ग्रंथींना निरोप देतात तो अ‍ॅसिटिलकोलीन या रसायनातून. निरोप पोचला की एक एन्झाइम ते रसायन क्षणार्धात मोडतं. फवारणीचं विष त्या एन्झाइमलाच घट्ट चिकटतं. मग अ‍ॅसिटिलकोलीन साठत जातं आणि निरोप थांबतच नाही. लाळ, घाम, उलटी, जुलाब, बारीक बाहुली, मंद नाडी. मरण येतं ते बहुतेक वेळा श्वासामुळे: श्वासनळ्या स्रावाने भरतात आणि श्वासाचे स्नायू थकून लुळे पडतात.

ते इंजेक्शन अ‍ॅट्रोपिनचं. ताईंनी रुमालाचं सांगितलं तेच इथे होतं. अ‍ॅट्रोपिन ग्रंथी, हृदय आणि श्वासनळ्यांवरच्या रिसेप्टरची जागा अडवतं. साठलेलं अ‍ॅसिटिलकोलीन जितकं जास्त तितकं अ‍ॅट्रोपिन जास्त लागतं, म्हणून ठरावीक डोस देऊन हात झटकता येत नाहीत. दर काही मिनिटांनी छाती ऐकायची आणि घरघर जाऊन छाती कोरडी होईपर्यंत वाढवत न्यायचं. बाहुली मोठी झाली म्हणून थांबायचं नाही, छाती बघायची. ऐन विषबाधेत इतकं अ‍ॅट्रोपिन लागतं की एरवी तेवढं निरोगी माणसाला दिलं तर तोच विषबाधेने बेजार होईल.

अ‍ॅट्रोपिन स्नायूंवरच्या रिसेप्टरवर मात्र चालत नाही. लुळेपणासाठी कधी प्रॅलिडॉक्सिम देतात. ते एन्झाइमला चिकटलेलं विष सोडवू पाहतं. पण काही तासांनी विषाची ती पकड पक्की होते आणि मग ते सुटत नाही. काही विषांत हे लवकर होतं, काहींत उशिरा. म्हणून लवकर आणा, असं आम्ही कळकळीने सांगतो. वाटेत अंगावरचे कपडे काढा, साबण-पाण्याने अंग धुवा कारण विष कातडीतूनही शिरतं, उलटी करवू नका, आणि औषधाची बाटली किंवा डबा बरोबर आणा. त्यावरचं नाव वाचून आमचा बराच वेळ वाचतो.

---

शिराळकर

डॉक्टर, हे वाचून एक शंका आली. आमच्या बत्तीस शिराळ्यात नागाचं नाव सगळ्यांच्या तोंडी. नाग चावल्यावर डोळ्यांच्या पापण्या पडतात, माणूस श्वास घेऊ शकत नाही. तेही याच अ‍ॅसिटिलकोलीनचं काम का?

---

कॅज्युअल्टी_मिरज

हो, आणि नेमकं उलट्या बाजूने. नागाच्या विषातले काही घटक स्नायूंवरचे अ‍ॅसिटिलकोलीनचे रिसेप्टरच अडवून बसतात. नस निरोप पाठवते, पण तो घ्यायला जागा मोकळी नाही. म्हणून पापण्या पडतात, गिळता येत नाही, मग श्वास.

इथे आम्ही प्रतिविषाबरोबर निओस्टिग्मिन देऊन बघतो. ते काय करतं? फवारणीचं विष ज्या एन्झाइमला धरतं त्यालाच धरतं, पण तात्पुरतं. अ‍ॅसिटिलकोलीन वाढतं आणि अडलेल्या जागांसाठी विषाशी झगडू शकतं. लाळ-घाम आणि मंद नाडीचा त्रास होऊ नये म्हणून सोबत अ‍ॅट्रोपिन. म्हणजे तासगावच्या बागेत ज्या क्रियेने माणूस मरायला टेकतो, तीच क्रिया शिराळ्यात नाग चावलेल्याच्या मदतीला आणता येते. औषधशास्त्र शिकताना मला ही गोष्ट सगळ्यात भावली होती, आजही भावते.

मण्यारीत याचा फारसा उपयोग होत नाही. तिचं विष नसेच्या टोकालाच इजा करतं, निरोप निघतच नाही. तिथे प्रतिविष आणि व्हेंटिलेटर. चावा कोणाचाही असो, कापू नका, चोखू नका, करकचून बांधू नका. हात-पाय हलू न देता तडक दवाखान्यात या.

---

आष्ट्याचा_मास्तर

चर्चा उत्तम चालली आहे. माझा अनुभव मात्र वेगळा आहे. जनऔषधीतली स्वस्त गोळी लागू पडत नाही असं माझं मत झालंय. कुठेतरी वाचलं की जेनेरिकमध्ये (तेच औषध, पण मूळ ब्रँडचं नाव नसलेलं) २० टक्के कमी औषध चालतं. मग ती स्वस्त पडणारच.

---

मेडिकलवाली_सांगली

सर, ते २० टक्के गोळीतल्या औषधाचे नाहीत. गोळीत लिहिलंय तेवढं औषध असलंच पाहिजे. ती मर्यादा रक्तातल्या पातळीच्या तुलनेची आहे. तीच माणसं मूळ गोळी आणि जेनेरिक गोळी वेगवेगळ्या वेळी घेतात, दोघींची रक्तातली पातळी मोजतात, आणि सरासरीच्या गुणोत्तराची ९० टक्के विश्वासमर्यादा (खरं गुणोत्तर ज्या दोन टोकांत असण्याची खात्री वाटते तो पट्टा) ८० ते १२५ टक्क्यांच्या आत पूर्ण बसावी लागते. एक टोक जरी बाहेर गेलं तरी गोळी नापास. म्हणजे प्रत्यक्ष सरासरी बरीच जवळ असावी लागते.

तरी तुमच्या म्हणण्यातला एक भाग मला मान्य आहे. काही औषधांत गुण येणारी पातळी आणि अपाय करणारी पातळी यांत अंतर फार थोडं असतं. फेनिटॉइन त्यातलं: यकृताची ते मोडायची क्षमता भरली की डोस थोडासा वाढला तरी पातळी भसकन वर जाते. थायरॉक्सिन आणि रक्त पातळ करणारी वॉरफेरिनही जपून घ्यायची. अशांमध्ये दर महिन्याला कंपनी बदलू नये. जेनेरिक घ्या नाहीतर ब्रँडेड, पण जी लागू पडली ती धरून ठेवा.

---

आष्ट्याचा_मास्तर

विश्वासमर्यादेचा मुद्दा पटला. तपासणी किती कडक होते याबद्दल माझी शंका कायम आहे, पण बीपीची गोळी जनऔषधीतली घेऊन घरी रोज मोजून बघतो.

---

विट्याची_लेक

आईचा हृदयाचा व्हॉल्व्ह बदललाय, वॉरफेरिन चालू आहे. सगळे म्हणतात पालेभाजी पूर्ण बंद. मेथी, पालक, शेपू काहीच नाही. तिचं जेवणावरचं मनच उडालंय.

---

मेडिकलवाली_सांगली

पूर्ण बंद करायची गरज नसते. रक्त गोठवणारे काही घटक यकृतात तयार होताना व्हिटॅमिन के लागतं. वॉरफेरिन ते पुन्हा वापरण्याजोगं होऊ देत नाही. पालेभाजीत व्हिटॅमिन के भरपूर, त्यामुळे भाजी वाढली की गोळीचा जोर कमी पडतो आणि भाजी एकदम बंद केली की जोर जास्त होऊन रक्तस्राव होऊ शकतो. डॉक्टरांनी डोस बसवला आहे तो आईच्या नेहमीच्या जेवणावर. तेव्हा आठवड्याला जेवढी भाजी खात होत्या तेवढीच चालू ठेवायची, सणावारी किंवा उपासाला एकदम फरक करायचा नाही. आता भाजी बंद केलीच असेल तर पुन्हा सुरू करण्याआधी डॉक्टरांना सांगा आणि आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते बघणारी तपासणी) करून घ्या.

भाजीपेक्षा मला दुसरी भीती वाटते. जुलाबावर मेट्रोनिडाझोल किंवा अंगदुखीवर डायक्लोफेनॅक कुणीतरी सहज देतं. पहिलीने वॉरफेरिन मोडायचं मंदावतं, दुसरीने पोटातून रक्तस्रावाचा धोका वाढतो. आईच्या पर्समध्ये 'वॉरफेरिन चालू आहे' अशी चिठ्ठी कायम असू द्या.

---

हरभट_रोड

ताई, शेवटचं विचारते. २०१९ च्या महापुरात आमच्याकडे कितीतरी दिवस वीज नव्हती. सासूबाईंचं इन्सुलिन फ्रीजमध्ये होतं. पुन्हा तशी वेळ आली तर काय करायचं? आणि इन्सुलिनची गोळीच का नाही काढत?

---

मेडिकलवाली_सांगली

गोळीचं आधी: इन्सुलिन प्रथिन आहे. गिळलं तर डाळीतल्या प्रथिनासारखं पचून जाईल, रक्तात इन्सुलिन म्हणून पोचणारच नाही. म्हणून सुई.

आता पुराचं. न उघडलेल्या बाटल्या २ ते ८ अंशांत ठेवायच्या. वापरात असलेली बाटली किंवा पेन २५ ते ३० अंशांपर्यंतच्या खोलीत बहुतेक प्रकारांत साधारण ४ आठवडे चालतं, नेमकी मुदत पाकिटावर असते. तेव्हा वीज गेली म्हणून लगेच फेकू नका. बाटल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून कोरड्या भांड्यात ठेवा आणि ते भांडं पाणी भरलेल्या मातीच्या मडक्यात तरंगत ठेवा, वर ओलं फडकं. पुराच्या पाण्याचा स्पर्श होऊ देऊ नका. बर्फ मिळाला तर बाटली बर्फाला टेकवू नका. एकदा गोठलेलं इन्सुलिन पुन्हा वितळलं तरी वापरायचं नाही. साधं, पाण्यासारखं स्वच्छ दिसणारं इन्सुलिन गढूळ झालं तर टाकून द्या. मिक्स इन्सुलिन मुळातच दुधाळ असतं, ते तळहातात हलकेच फिरवून घ्यायचं. फिरवूनही गुठळ्या किंवा काचेला चिकटलेले कण दिसले तर तेही टाका.

सासूबाईंचं कुठलं आहे ते कळवलंत तर त्याची मुदत बघून सांगते. पावसाळ्याच्या आधी एक जादा बाटली आणि सुया घरात आणून ठेवा, पाणी चढल्यावर आमचंही दुकान बंद असतं.